लाल गाडीचे ब्रेक

नाव : फायबरमावशी. (खरे नाव विचारले असता, "त्या नावाने मला कोणी हाक मारत नाही, ते लिहून शोधणार कोणाला?" असे म्हणाल्या.)
वय : त्रेपन्न.
धंदा : गाड्यांना फायबरची बॉडी, बंपर, बॉनेट करून देणे.
राहणार : स्वतःच्या वर्कशॉपच्या मागे, पत्र्याचे दार.

समक्ष पोलीस ठाण्यात येऊन सांगते की, आज सकाळी चोरीला गेली म्हणून ज्या लाल गाडीची तक्रार आपल्याकडे आली आहे, तिचा पाठलाग आधी थांबवा. हे मी दारातूनच ओरडून सांगितले होते. त्यावर अंमलदार साहेबांनी बसायला खुर्ची दिली, पाणी दिले आणि नाव, वय विचारले. मला पाणी नको होते. नाव, वय काय, संध्याकाळीही तेच राहणार आहे.

तक्रार देणारे गाडीचे मालक माझ्या ओळखीचे आहेत. मी त्यांना भाऊ म्हणते. लग्नाला, वाढदिवसाला सजवलेल्या गाड्या भाड्याने देण्याचा त्यांचा धंदा आहे. जबाब देताना ते याच खोलीत, माझ्यासमोर, पायावर पाय टाकून बसलेले आहेत. त्यांनी तक्रारीत 'एक्झॉटिक स्पोर्ट्स कार, विदेशी बनावटीची' असे लिहून दिले आहे. ते खोटे आहे. ती गाडी मी माझ्या हाताने बनवलेली आहे.

दोन वर्षांपूर्वी भाऊ एक जुनी छोटी गाडी घेऊन माझ्याकडे आले होते. म्हणाले, "ताई, हिला अशी करून द्या की लोकांनी तोंडात बोटं घातली पाहिजेत." मी छप्पर कापून खाली घेतले. वरून फायबरची बॉडी चढवली. दरवाजे पंखासारखे वर उघडतात, त्यांना डिकी उचलून धरणाऱ्या दांड्या लावल्या आहेत. रुंद टायर नुसते दिसायला आहेत. पाय दाबला की जी डरकाळी येते ती इंजिनाची नाही, मागे स्पीकर बसवला आहे. इंजिन तेच राहिले आणि ब्रेकही तेच राहिले. वर बॉडीचे वजन मात्र वाढले.

ब्रेक बदलून घ्या म्हणून मी तेव्हाच कानीकपाळी ओरडले होते. भाऊ म्हणाले, "ही कुठे पळणार आहे? उतरवायची, फोटो काढायचे, परत चढवायची." ते खरेही होते. ती गाडी कार्याच्या ठिकाणी ट्रकवर घालून नेतात, कोपऱ्यावर उतरवतात आणि फाटकापर्यंत मुंगीच्या पावलाने नेतात. गिऱ्हाइकांना सांगतात, असल्या गाड्या अशाच आणायच्या असतात. त्यामुळे ती थांबते कशी हे आजपर्यंत कोणी पाहिलेले नाही.

आज सकाळी ट्रकचा ड्रायव्हर गाडी चढवायला गेला तर जागा रिकामी. त्यानेच मला फोन केला. म्हणाला, "मावशी, गाडी घाटात दिसली म्हणे, पोलीस मागे लागलेत." मी फायबरचे चिकट रेझिन कालवत होते, ते तसेच टाकून आले. घाटाचा रस्ता सगळा उताराचा आहे. ती चालवणाऱ्याला वाटत असणार की बुडाखाली वाघ आहे. मागे जीप लागली की तो अजून दाबणार, आणि वळणावर ब्रेक मारला की पाय नुसता खाली जाईल. तो चोर असो, कोणी असो, कोणाच्या तरी पोटचा आहे.

यावर भाऊ म्हणाले, "मरू दे. चोरी करताना कळत नव्हतं का?" आणि साहेबांना म्हणाले, "ताईंना जळफळाट आहे. मी आता दुसऱ्याकडून काम करून घेतो ना, म्हणून." मी चप्पल काढणार होते, पण ठाणे आहे म्हणून गप्प बसले.

साहेबांनी भाऊंना विचारले, "एक्झॉटिक म्हणजे नेमकं काय? रकान्यात काय लिहू?" भाऊ म्हणाले, "ज्या गाडीकडे लोक वळून वळून बघतात, ती." मी म्हटले, वळून तर लोक रस्त्यात आडव्या झालेल्या ट्रककडेही बघतात. खरी असली गाडी मी एकदाच हाताळली आहे, एकाची, बंपर सांधायला आली होती. इंजिन सीटच्या मागे, अंग हलके, थोड्याच बनवतात, एक काच फुटली तर सहा महिने वाट बघायची. ब्रेकच्या तबकड्या ताटाएवढ्या मोठ्या. उतारावर पिंपही पळते. पाहिजे तिथे थांबते, ती खरी.

कोपऱ्यातला हवालदार हसून म्हणाला, "हाताने बनवलेली, जगात एकच. मग ही तर जास्तच एक्झॉटिक झाली की, मावशी!" मी त्याच्याकडे पाहिले. तो कागद लावायला लागला.

भाऊंना मी हात जोडून म्हटले, "अहो, एक शब्द सांगा साहेबांना. गाडी आपणच बनवलेली आहे, एवढाच." ते खाली बघून म्हणाले, "ताई, पुढच्या महिन्याचं सगळं बुकिंग तिच्यावर आहे. माझ्या आयुष्यात लोक पहिल्यांदा मला अहोजाहो करायला लागलेत." साहेब म्हणाले, मालक स्वतः खरी म्हणतोय, तर तुमच्या तोंडी सांगण्यावरून पाठलाग कसा थांबवू? एवढ्यात वायरलेसवर घाटावरच्या नाक्याचा निरोप आला. लाल गाडी अडवायला हात केला, थांबली नाही. चालवणारी मुलगी आहे, एकटी, डोक्यावर उलटी टोपी.

(येथे जबाब घेणे थांबले. पुढील भाग दुपारी लिहून घेतला.)

विचारल्यावरून पुढे सांगते की, 'उलटी टोपी' ऐकल्याबरोबर भाऊ उठले, खुर्ची मागे पडली. उलटी टोपी त्यांची चिमी घालते. एकुलती एक मुलगी, बावीस वर्षांची. ती टोपी सरळ घाल म्हणून भाऊ तिला रोज टोकतात. ती सकाळीच क्लासला गेली असे ते धरून चालले होते.

भाऊ ओरडायला लागले, "साहेब, खोटी आहे! गाडी खोटी आहे! फायबर आहे हो, डबा आहे डबा! मागची जीप हटवा!" साहेबांनी ताबडतोब वायरलेसवर सांगून जीप मागे घ्यायला आणि भोंगा बंद करायला लावला. तिकडून उत्तर आले, गाडी तरी थांबत नाही, ब्रेकचा लाल दिवा सारखा लागलेला आहे. म्हणजे पोरगी ब्रेकवर उभी होती आणि ब्रेक तापून गेले होते. मी साहेबांना म्हटले, जीपच्या लाउडस्पीकरवरून तिला सांगा, ब्रेक सोड आणि गिअर खाली आण. भाऊ म्हणाले, "असं नाही कळायचं तिला. ती घाबरलीय. तिला वाटतंय, नवी मोठी गाडी आहे, आपल्याला येत नाही. तिला सांगा, ही म्हातारी आहे."

म्हातारी म्हणजे भाऊंच्या घरची जुनी पांढरी गाडी. माझ्याकडे लाल करायला आणली होती तीच. हे मलाही आज कळले. चिमी त्याच गाडीवर गाडी शिकली. बॉडी चढवायच्या वेळी भाऊंनी घरी सांगितले की म्हातारी भंगारात दिली, तेव्हा पोरगी दोन दिवस नीट जेवली नव्हती. म्हातारीचे ब्रेक पहिल्यापासून नाजूक. ब्रेकवर भरवसा ठेवायचा नाही, दुसऱ्या गिअरमध्ये टाकायची, हँडब्रेक हळूहळू ओढायचा आणि डोंगराच्या अंगाला घ्यायची, हे भाऊंनी तिला त्याच घाटात शिकवले होते.

साहेबांनी निरोप दिला. जीपमधल्या शिपायाने विचारले, "म्हातारी कोण? गाडीत आणखी कोणी आहे का?" भाऊंनी साहेबांच्या हातातून माइक ओढून घेतला. त्याबद्दल साहेबांनी त्यांना काही बोलू नये अशी माझी विनंती आहे. भाऊ म्हणाले, "बाबा रे, मी सांगतो ते तू फक्त मोठ्याने ओरड. चिमी, ही आपली म्हातारीच आहे. पप्पांनी खोटं सांगितलं. तू तिला थांबवतेस तशी थांबव."

त्यानंतर वायरलेसवर नुसती खरखर येत होती. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. भिंतीवर घड्याळ होते, पण मी तिकडे बघितले नाही. भाऊंनी माझा हात धरला होता. माझ्या बोटांना लागलेले रेझिन वाळत होते, तरी मी हात सोडवून घेतला नाही. सकाळी मरू दे म्हणणारा माणूस तोंडातल्या तोंडात दुसरा गिअर, दुसरा गिअर, एवढेच म्हणत होता. मला रडू आले. मी पदराने डोळे पुसले, हे लिहायचे तर लिहा.

मग निरोप आला, थांबली. डोंगराच्या अंगाच्या चरात घासत घासत थांबली. एका बाजूचे सगळे फायबर सोलून निघाले आणि आतला पांढरा पत्रा दिसतोय, असे शिपाई म्हणाला. पोरगी स्वतः उतरून कठड्यावर बसली आहे.

चिमीला जीपमधून ठाण्यात आणले. मनगट सुजले होते, कपाळाला खरचटले होते, टोपी उलटीच होती. मैत्रिणींना दाखवून दुपारच्या आत परत आणणार होते, असे ती म्हणाली. बाप ओरडेल म्हणून मी मध्ये उभी राहिले, पण भाऊ ओरडले नाहीत. त्यांनी तिचे मनगट हातात घेतले आणि फुंकर घातली.

ती म्हणाली, "म्हातारी भंगारात दिली म्हणाला होतात. मी केवढी रडले होते, पप्पा. मला तरी खरं सांगायचं."

भाऊ म्हणाले, "तुला सांगायचंच होतं गं. पण त्या लाल गाडीपाशी मी उभा असलो की तू मैत्रिणींना लांबून दाखवायचीस, ते बघा, ते माझे पप्पा. पांढरी होती तेव्हा मला गाडी कोपऱ्यावरच थांबवायला सांगायचीस."

यावर मुलीने टोपी काढली. साहेबांनी त्यांना दवाखान्यात जायला सांगितले, तेव्हा दोघे एकमेकांना धरून बाहेर गेले. जाताना भाऊ दारातून मला म्हणाले, "ताई, पुन्हा लाल नको. पांढरीच राहू दे. आधी ब्रेक." ते काम मी घेतले आहे.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. वर लिहिलेले सगळे मला मोठ्याने वाचून दाखवले, ते मी सांगितल्याप्रमाणे आहे. कागदावर दोन ठिकाणी आपल्या हवालदाराने 'सदर एक्झॉटिक कार' असे लिहिले होते, ते माझ्यासमोर खोडून 'सदर म्हातारी' असे केले. खाडाखोड मला मान्य आहे. बोटे चिकटलेली असल्याने सही वाकडी आली आहे, पण ती माझीच आहे.