पिवळंधमक इंजिन

बरं, बॅटरी जुनी असती ना, तर मी एक शब्द बोललो नसतो. पण तुम्हाला सांगतो, बॅटरी नवीन! आठवडासुद्धा झाला नव्हता, अंगावरचा प्लॅस्टिकचा कागद मी अजून काढला नव्हता... आणि सकाळी सात वाजता किल्ली फिरवली तर इंजिन काय म्हणतंय? घर्रर्र... घर्र... घ... आणि गप्प. रविवारी बायकोने हाक मारली की मी "उठतो, उठतो" म्हणत कूस बदलतो ना, अगदी तसं.

एरवी मी हसलो असतो. पण त्या दिवशी अकरा वाजता तपासणीचे साहेब येणार होते. माझी प्रवासी बोट आहे, या काठावरून त्या काठावर, वीस माणसं आणि दोन सायकली. दर वर्षी साहेब येतात, त्यांच्यासमोर इंजिन तीनदा चालू, तीनदा बंद, मग कागदावर सही. सही नाही तर दुसऱ्या दिवसापासून प्रवासी नाहीत, आणि प्रवासी नाहीत म्हणजे मी दिवसभर घरी. आता मी दिवसभर घरी, या गोष्टीला आमच्या घरात कुणाचाच पाठिंबा नाही, विचारून बघा.

आणि मी तयारी कमी केली होती का? अहो, चार दिवस खपलो! बोट धुतली, बाकं घासली, आणि इंजिनाला रंग दिला. पिवळाधमक. वरवर नाही हं, एकेक वायर सोडवली, एकेक नट काढला, गंज खरवडला, दोन दोन हात मारले, वाळू दिलं आणि मग सगळं पुन्हा जागच्या जागी, घट्ट. असं देखणं इंजिन बघून साहेब सही करायच्या आधी नमस्कारच करतील, असं मला वाटत होतं... आणि ते म्हणतंय घर्र.

धावत जाऊन मिस्त्रीला आणलं. तो आला, वाकला, इंजिनाला कान लावला, डोळे मिटले आणि म्हणाला, "बॅटरी गेली."

म्हटलं, "मिस्त्री, बॅटरी नवीन आहे हो."

"नवीनच जातात. जुन्या टिकतात."

आता या माणसाशी काय वाद घालणार? त्याने आपल्या गाडीची बॅटरी काढून आणली, लेकरासारखी छातीशी धरून, जोडली, किल्ली फिरवली. घर्र... घ... म्हणाला, "हीपण गेली." अरे, दहा मिनिटांपूर्वी तू याच बॅटरीवर गाडी हाणत आलास ना?

तेवढ्यात मेहुणा. बायकोचा धाकटा भाऊ. मी बोलावलं नव्हतं, पण कुठे काही बिघडलं की त्याला घरबसल्या वास येतो. हातात फोन. "भाऊजी, इथे दिलंय बघा, इंजिन हळू फिरण्याची सतरा कारणं."

"बरं, पहिलं सांग."

"बॅटरी."

"बॅटरी नवीन आहे रे बाबा!"

"मग दुसरं. तेल फार दाट झालंय का?" तेल पाहिलं. छान होतं. "तिसरं, इंजिनात पाणी शिरलंय का?" पाणी नव्हतं. "चौथं, सेल्फ." सेल्फ म्हणजे इंजिनाला सुरुवातीला फिरवणारी छोटी मोटर. ते नाव निघायचा अवकाश, मिस्त्रीने पाना काढला. "उतरवू, उघडू, साफ करू, दुपारपर्यंत जोडून देतो." दुपारपर्यंत! इकडे घड्याळात साडेदहा, मनातल्या मनात मी उद्या घरी बसून मटार सोलतोय... आणि मेहुणा सातव्या कारणावर पोचलाय.

अशात बायको आली. ती घरी लोकांचे कपडे इस्त्री करते. साहेबांपुढे घालायचा माझा शर्ट घेऊन आली होती, हँगरला लावलेला. तिने माझ्याकडे पाहिलं, शर्टाकडे पाहिलं आणि शर्ट दूर खांबाला अडकवला. "काय झालंय?" म्हणाली. आम्ही तिघे एकदम सुरू झालो. "बॅटरी!" "सेल्फ!" "ताई, आठवं कारण ऐक..."

ती म्हणाली, "दहा आकडे मोजेपर्यंत किल्ली फिरवा आणि सोडा."

फिरवली. सोडली. ती खाली बसली आणि वायरींच्या एकेका जोडाला बोट लावत गेली. "हा गार... हा गार... हा..." आणि बोट झटकलं. "हा तापलाय."

मिस्त्री म्हणाला, "वहिनी, वायर तापायचीच."

"सगळ्या कुठे तापल्यात? एकच जोड तापलाय. माझ्या इस्त्रीचा प्लग सैल झाला की प्लग तापतो आणि इस्त्री कोमट राहते. वीज तिथेच अडते."

मिस्त्रीने पाना लावून तो जोड सोडवला. बॅटरीकडून येऊन इंजिनाच्या अंगावर बसणारी जाड काळी वायर, अर्थिंगची. तिचं टोक बाजूला केलं आणि खाली काय असावं? गंज? छे. पिवळाधमक रंग. दोन हात. माझेच! जिथे धातूला धातू भिडायला हवा, तिथेही मी मन लावून रंग दिला होता आणि वर वायर घट्ट आवळली होती. वीज बिचारी शिरणार कुठून? बोल्टाच्या आट्यांतून झिरपेल तेवढीच.

मेहुण्याने फोनवर थेट सतराव्या कारणापर्यंत बोट सरकवलं आणि म्हणाला, "भाऊजी, हे यात दिलेलंच नाही."

बायकोने पॉलिश पेपर मागितला, बाटलीच्या बुचापेक्षा जराशी मोठी जागा लख्ख घासली, वायर लावली, मिस्त्रीने आवळली. किल्ली फिरवली... आणि धडधडधडधड! एका झटक्यात! अहो, मला इतका आनंद झाला की मी तेलकट हातांनी बायकोकडेच धावलो. तिने आधी शर्ट वाचवला.

साहेब आले. तीनदा चालू, तीनदा बंद, इंजिनाने घर्र म्हणून म्हटलं नाही. साहेब खूश. वाकले, टॉर्च मारला आणि वायरीभोवतीच्या त्या चकचकीत कडीवर बोट ठेवलं. "सगळं इतकं सुरेख रंगवलंय, आणि इथे हे असं उघडं?" सही केली, शिक्का मारला आणि खाली शेरा लिहिला: "इंजिनावर एके ठिकाणी रंग नाही. आठ दिवसांत लावून घेणे."

आज सहावा दिवस. रंगाचा डबा बायकोच्या कपाटात, कुलपात. मी तो कागद तिच्यापुढे धरला, सही दाखवली, शिक्का दाखवला, म्हटलं, "अगं, सरकारी हुकूम आहे." तिने इस्त्री फिरवता फिरवता सगळा वाचला, कागदाची घडी घालून माझ्याच खिशात ठेवली आणि म्हणाली, "साहेबांना म्हणावं, डबा माझ्याकडे आहे, येऊन मागा."