राताच्या बुंध्याला पट्टा

माझं गाव माण तालुक्यातलं, म्हसवडच्या अलीकडं, पावसाला आमची आठवन कवातरी यायची असलं गाव. बाप दुसऱ्याची मेंढरं राखायचा, आनि मेंढरामागं फिरता फिरता एखांदा ससा घावला तर त्या दिशी आमच्यात सन व्हायचा, आई पाट्यावर मिरची-खोबरं वाटायची आनि वास पार वेशीपातूर जायचा. पुढं कायदा आला, ससा मारला की फॉरेस्टवालं धरून न्यायचं, मग ते बंद झालं, आनि बरंच झालं म्हना, माळावर ससं तरी कुटं उरलं व्हतं. मी सातवी शिकलो, वीज बोर्डात हेल्पर लागलो आनि लाइनमन म्हनून रिटायर झालो. उभा जल्म खांबावर गेला. रस्त्यानं जाताना मानूस मान्सांकडं बघतो, मी आजून बी आदी खांबाकडं बघतो.

शांता गेली, म्हंजी आमची मंडळी, तवा पोरगा इकास म्हनाला, तात्या आता हितं एकलं ऱ्हायाचं न्हाई. इकास न्यूझीलंडला इंजिनेर हाय, अप्पर हट गावात घर हाय त्येचं, गाडीनं वेलिंग्टनला कामाला जातो. सून स्नेहल औषधाच्या दुकानात फार्मसिस्ट. नात ईरा, तिला मराठी समदं कळतं, पन जवाब इंग्रजीत. दोन हजार चौदा साली मला आनलं, आनि काय सांगू तुम्हाला, पयले सा म्हैने मी नुसता खिडकीत बसून व्हतो. सगळं हिरवंगार, आनि बोलाय कोन न्हाई. जेवान जायाचं न्हाई. स्नेहल रोज इचारायची, तात्या काय करू, आनि मी म्हनायचो, काय बी कर.

पन खांब बघायचो की. हितल्या लाकडी खांबाला मान्साच्या डोक्याच्या वर पत्र्याचा रुंद पट्टा गुंडाळलेला असतो. म्या चाळीस वर्सं खांब चढलो, आसला पट्टा कवा बघितला न्हाई. इकासला इचारलं तर म्हनाला, तात्या, ते पॉसमसाठी. पॉसम चढतो, तारंला चिकटतो, आनि गावाची लाइट जाती. पत्र्यावर नखं धरत न्हाईत, घसरून खाली येतो. म्या म्हनलो, पॉसम म्हंजी काय? ते मला आठ दिसांत कळलं. आमच्या माळ्यावर धुडुम धुडुम नाचाय लागलं, म्या परसात लावलेली मेथी एका रातीत साफ केली, शेजाऱ्याच्या झाडावरचे प्लम अर्धे अर्धे खाऊन टाकून दिले. मांजरायेवढं, झुपकेदार शेपटी, तोंड गरीब, डोळं मोठं मोठं. आसल्या तोंडाच्या जनावराला कोन काय म्हननार.

तो शेजारी म्हंजी हेमी. माओरी, म्हंजी हितला मूळचा मानूस, माझ्याच वयाचा, पन हाड दुप्पट. गल्ली त्येला कोरो म्हनती, कोरो म्हंजी त्यांच्यात आजा. कुंपनापाशी आला, किया ओरा म्हनाला, म्हंजी त्यांच्यातला रामराम, आनि पिंजरा दाखवला, आत सफरचंदाची फोड, तिच्यावर दालचिनी. माझं इंग्रजी कामापुरतं, त्येचं बोलनं थोडं, त्यामुळं आमचं चांगलं जमलं.

दुसऱ्या दिशी सकाळी पिंजऱ्यात पॉसम घावला. मादी. कोरोनं वाकून बघितलं आनि मला बोट दाखवलं, तिच्या पोटाला पिशवी आनि पिशवीतनं आंगठ्यायेवढं गुलाबी तोंड भाईर. माझं काळीज हाललं. म्या म्हनलो, कोरो, सोड, डोंगरात नेऊन सोड, लेकुरवाळी हाय. तो म्हनाला, सोडायला कायद्यानं बंदी हाय. माझा इस्वास बसंना. आमच्यात ससा मारला तर गुन्हा, हितं जनावर सोडलं तर गुन्हा. मी हात जोडले, म्हनलो, माझ्या दारात नको. कोरो रागावला न्हाई. पिंजरा उचलून गाडीत ठेवला आनि मला म्हनाला, तू बी बस.

गाडी गावाभाईर नदीच्या कडंनं गेली, मग रान लागलं. आत गेलो, आनि तुम्हाला सांगतो, एवढी झाडं मी जल्मात बघितली न्हाईत, भुईपासनं वरपातूर नेच्याची झाडं, शेवाळ, पाय ठेवला तर आवाज न्हाई. मग त्येनं एका झाडाखाली मला उभा केला. बुंधा आसा की आमच्या म्हसवडची चार बिऱ्हाडं त्येच्या मागं लपावीत. आपल्याकडं कसा पिंपळ दुसऱ्या झाडावर रुजतो आनि त्येलाच कवळून मोठा व्हतो, तसंच हे. कोरो म्हनाला, ह्येचं नाव राता. म्या म्हनलो, आमच्यात बी रातं म्हंजी तांबडं, राता कोंबडा म्हनतो आमी. तो हसला, म्हनाला, बरोबर हाय, ह्येला तांबडीच फुलं येत्यात, माझ्या बापाच्या वख्ताला डोंगर पेटल्यावानी दिसायचा. पन मी वर बघितलं आनि वर काय न्हाई. नुसत्या पांढऱ्या फांद्या. एका अंगाला हिरव्या पाल्याचा एक झुपका, बास. पॉसमनं रोजचा पाला रोज खाऊन जित्या झाडाचा सांगाडा केलेला. आनि कान देऊन ऐकलं तर एक पाखरू बोलत न्हाई. पाखराची अंडी बी तोच खातो. मी आमच्या दुष्काळातली वाळल्याली झाडं बघितलीत, ती तहानंनं मेली. पान्यात उभं ऱ्हाऊन उपाशी मरनारं झाड पयल्यांदा बघितलं.

कोरो गाडीकडं गेला. बंदुकीचा आवाज झाला, एकदाच. मी गेलो तर मागची फळी उघडून तो बसलेला, टोपी काढून मांडीवर ठेवलेली, त्येच्या भाषेत तोंडातल्या तोंडात कायतरी म्हनत व्हता. पिशवीतलं पोर पन गेलं व्हतं. टोपी परत डोईवर घातली. मग म्हनाला, तिची काय चूक न्हाई. कातड्यासाठी मान्सानं तिला समुद्रापलीकडनं हितं आनलं. ज्येनं आनलं तो मरून गेला, काम आपल्यावर ऱ्हायलं.

घरी आलो आनि दोन दीस इचार केला. तिसऱ्या दिशी कुंपनापाशी जाऊन म्हनलो, कोरो, त्या झाडाला खांबासारखा पट्टा घालूया. तो म्हनाला, माझ्या मनात तेच हाय, पन हे गुडघं शिडीवर चढत न्हाईत. म्या म्हनलो, गुडघं माझं घे.

मग इकासनं रानखात्याची परवानगी काढून दिली, पत्रा आनला, शिडी आनली, कमरंला दोर बांधला. सत्तरीला आलेला मानूस परत चढला बघा. बुंध्याला पट्टा घातला, शेजारच्या झाडाच्या लागत आलेल्या फांद्या तोडल्या, न्हाईतर तिकडनं उडी मारत्यात. झाडाला खिळा मारायचा म्हनून आदी हात लावला, नमस्कार केला. आनि भोवतीनं कोरोनं सापळं लावलं, मान मोडून एका झटक्यात मारनारं. बंदूक म्या कवा धरली न्हाई, पन सापळं दर आठवड्याला मी बी लावलं, पाप निम्मं माझं हाय, मी न्हाई म्हनत न्हाई.

पॉसम आमी खाल्ला न्हाई. रानात इख टाकत्यात, त्येच्या अंगात असंल तर काय करता. पन कोरोच्या भाच्याच्या कुरनात सशांनी गवत राखलं नव्हतं, तितं इख न्हाई, आनि हितं ससा मारला तर गुन्हा बी न्हाई, तितनं तो दोन ससं घिऊन आला. स्नेहल माळकरी घरातली, म्हनाली, तात्या, माझ्या भांड्यात नको, पन परसात खुशाल करा, शेगडी मी काढून देते. मग बसलो. ससा आदी मीठ-हळद लावून ठेवायचा, त्येला चरबी नसती, घाईनं रटारटा शिजवला तर चामडं व्हतं. कांदा-खोबरं जाळावर भाजलं, सातारचा कांदा-लसून मसाला घातला, बारीक जाळावर झाकून ठेवला. वाटायला पाटा न्हाई, मिक्सर. पन झाकान काढलं आनि वास आला, आनि मला आई दिसली म्हना की. कोरोनं जेवायच्या आदी डोळं मिटून मंतर म्हनला, आमी थांबलो. मग खाल्लं. त्येच्या डोळ्यांतनं पानी, कपाळाला घाम, पन ताट पुढं करतोय. त्या दिशी मी तीन भाकरी खाल्ल्या. स्नेहल दारात उभी राहून बघत व्हती, तिनं पदरानं डोळं पुसलं.

झाड मातुर बोललं न्हाई. एक उन्हाळा गेला, दुसरा गेला. तिसऱ्याला पांढऱ्या फांदीवर तांबूस कोंब फुटलं, ल्हान पोराच्या बोटावानी. त्याच हिवाळ्यात कोरोला अर्धांगाचा झटका आला. वाचा गेली, उजवा हात गेला. त्येची लेक त्येला खुर्चीवर फिरवती. मी एकला सापळं बघू लागलो, येऊन त्येच्यापाशी बसायचो आनि मराठीत सगळं सांगायचो, आज एक घावला, आज न्हाई, पाला वाढलाय. तो नुसता बघायचा.

गेल्या नाताळाच्या आदल्या आठवड्यात, हितं नाताळ ऐन उन्हाळ्यात येतो, मी वळनावर आलो आनि माझं पाय थांबलं. समदं झाड तांबडं. पानं दिसंनात. खाली वाट तांबडी, झऱ्याचं पानी तांबडं, त्या बारीक बारीक केसरांनी. आनि आवाज किती. मधमाश्या हजारांनी, आनि टुई, ती काळी पाखरं, गळ्याला पांढरा गोंडा असतो, चोची लाल करून ह्या फांदीवरनं त्या फांदीवर. मी टोपी काढली. मला वाटलं, ह्यो देव हाय आनि मी त्येच्या देवळात चप्पल घालून आलोय. जोडा काढला मी, खरं सांगतो, आनि तसाच उभा ऱ्हायलो.

घरी पळत आलो. इकासनं आनि कोरोच्या लेकीनं त्येला गाडीत घातलं, रानाच्या वाटंला खुर्ची जाईना, तर इकासनं पाठुंगळी घेतलं. ईरा पुढं वाट दावत चालली. झाडाखाली नेऊन टेकवला. कोरोनं वर बघितलं. तोंडावर फुलं पडत व्हती, त्येनं पुसली न्हाईत. मग डाव्या हातानं माझी मान धरली, जवळ वढली आनि माझ्या नाकाला नाक, कपाळाला कपाळ लावलं. त्यांच्यात तसा रिवाज हाय, दोघांचा स्वास येक व्हतो. ईरा माझा हात धरून म्हनाली, आजोबा, हे आपलं झाड हाय का? मराठीत म्हनाली. म्या म्हनलो, न्हाई बाळ, आपुन त्येचं.

आता कोरोला बरं वाटतं म्हनत न्हाई मी, हाय तसा हाय. मी बी थकलो. शिडी आता इकास चढतो, सापळं आजून मीच बघतो, ते काम काय सरनारं न्हाई, डोंगरात पॉसम किती हाईत त्येची गनती देवाला. पन मला वाटलं व्हतं, शांता गेली, आता डोळ्यांनी बघायचं काय उरलं न्हाई. उरलं व्हतं की. डोंगरायेवढं उरलं व्हतं. तुमी येवडं लिवून घेतलं, तुमचं बरं व्हवो, तुमच्या लेकराबाळांना बी असं कायतरी बघाय मिळो. येत्या डिसेंबरात या. मी जित्ता असलो तर वाट दाखवीन, नसलो तर नदीच्या कडंनं सरळ जावा, लांबनंच दिसतंय.