उकिडवे सरांची उचकी

या मंडळी, या! जवळ या. मधली सतरंजी काय देवासाठी राखून ठेवलीय? देव समोर उभा आहे, त्याला बसायचं नाहीये! खांबाला टेकलेले काका, तुम्हीसुद्धा पुढे सरका. तिथे ऐकू कमी येतं आणि झोप जास्त येते. आज पुराणातली कथा नाही सांगणार. आज कॉलेजातली सांगतो. हसताय काय? जिथे विद्या तिथे शारदा, आणि शारदेच्या घरी कीर्तनकाराला कधी मज्जाव नसतो! अशी कथा देतो, की बायका म्हणतील कुकर राहू दे, आणि पुरुष म्हणतील बातम्या राहू देत.

पण आधी एक प्रश्न. डोळे देवानं सगळ्यांनाच दिले. मग सांगा — माणूस माणसाला दिसतो केव्हा? ... कोण म्हणालं, समोर असला की? अहो, समोर तर रोज असतो! हे आमचे पेटीवाले वर्षानुवर्षं माझ्या उजव्या हाताला बसतात. आज त्यांनी सदरा कुठल्या रंगाचा घातलाय, न बघता सांगा म्हटलं, तर बुवांची पंचाईत! सांगा, मग दिसणं म्हणायचं कशाला? विठ्ठल, विठ्ठल!

तर ऐका. कृष्णाकाठी एक गाव. गावात एक मोठी शिक्षणसंस्था. एकाच आवारात कला, विज्ञान आणि वैद्यक, तिन्ही कॉलेजं! आणि संशोधन? काय सांगू महाराजा! एका खोलीत बेडकाच्या हृदयाचे ठोके मोजतायत. दुसरीत जुन्या दानपत्रावरचा शिक्का भिंगातून बघतायत. तिसरीत जात्यावरच्या ओव्या उतरून घेतायत, चौथीत मधुमेहावर चर्चा आणि पाचवीत तीच मंडळी जिलेबीवर! चेष्टा नाही करत हो. विद्येची चेष्टा करणारा मी कोण? ताऱ्यापासून तापापर्यंत जे जे शोधलं जातं, लिहिलं जातं, ते त्याचंच कौतुक आहे. ज्यानं जग केलं, त्याचं जग नीट बघणं ही पूजाच!

पण त्या आवारात एक चाल होती. चहा विभागवार! प्रत्येक विभागाचा आपापला चहा. पदार्थविज्ञानवाले हीटरवर उकळायचे. रसायनवाले काचेच्या चंचुपात्रात — आणि ते प्यायल्यावर सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसायचे! मराठीवाले चहा कमी आणि चर्चा जास्त. दुसऱ्याच्या विभागात चहाला जायचं नाही. नियम नव्हता कुठे लिहिलेला, पण जायचं नाही म्हणजे नाही. सोवळंच म्हणा ना!

आणि तर्कशास्त्र विभाग? त्यात माणूस एक. प्राध्यापक त्र्यंबक उकिडवे. सडेफटिंग, सरळमार्गी, आवाज इतका हळू की वर्गातली पालसुद्धा मान वळवून ऐकायची. एका माणसाचा विभाग, मग चहा कुणाबरोबर? घरून थर्मास आणायचे, खिडकीशी बसून प्यायचे, टोपण लावायचे. निघतानाही जिन्यात भेटेल त्याला नमस्कार करायचे. समोरचा मान हलवायचा, की वाऱ्यानं हलायची, कोण जाणे!

एक दिवस सर वर्गात सांगत होते, "सर्व माणसं — उच्! — मर्त्य आहेत."

पोरं हसली. सर पुढे, "त्र्यंबक हा — उच्! — माणूस आहे."

मागून एक मुलगी म्हणाली, "सर, पाणी प्या, नाहीतर तिसरं वाक्य इथेच सिद्ध व्हायचं!"

पाणी प्यायले. श्वास कोंडला. साखर खाल्ली. उचकी थांबेना! दुसऱ्या दिवशीही तेच. व्हरांड्यातून जाताना वैद्यकच्या डॉक्टर गद्रेबाई समोरून आल्या. आजवर सरांच्या शेजारून न बघता निघून जायच्या, आज थबकल्या.

"कधीपासून आहे ही?"

"काल — उच्! — पासून."

"वा!" बाई म्हणाल्या.

आता मला सांगा, दुखणेकऱ्याला वा म्हणतात का? पण संशोधकाचं सगळं निराळं! सरांना हाताला धरून नेलं, नाडी पाहिली, घसा पाहिला. बातमी पसरली. पदार्थविज्ञानाचे चौगुले सर आले, धिप्पाड, कोल्हापुरी गडी. "सर, या आमच्याकडं. दोन उचक्यांमधलं अंतर मोजूया की! आणि चहा घेतल्याशिवाय सोडणार नाही बघा." इतिहासाचे शेख सर आले. "उकिडवेसाहेब, जुन्या कागदात एका सरदाराची उचकी सापडतेय. तहाच्या बैठकीत लागली होती बिचाऱ्याला! तुम्ही फक्त बसा समोर, मला वातावरण मिळतं."

आणि लोकसाहित्याच्या पाटणकरबाई तर खुर्चीच ओढून बसल्या. "सर, उचकी लागते म्हणजे कुणीतरी आठवण काढतंय. नावं घ्या. बरोबर नाव आलं की थांबते. हं, सुरू करा!"

सर म्हणाले, "दिगंबर. भाऊ माझा, नागपूरला असतो. — उच्! — वहिनी. — उच्! — जुने घरमालक सप्रे..."

"हं, पुढे?"

"संपली."

"संपली? अहो सर, माझ्या तर हळदीकुंकवाच्या निम्म्या बायकासुद्धा झाल्या नसत्या एवढ्यात!"

सर ओशाळून म्हणाले, "जुने न्यायशास्त्री चालतील का? त्यांची पुष्कळ येतात."

हसलात! पाटणकरबाईसुद्धा हसल्या. हसल्या आणि लिहून घेतलं, 'नावे अपुरी'. आणि पान उलटलं. हुशार बाई, चांगली बाई! पण पान उलटताना समोरच्या चेहऱ्याकडे बघायचं राहिलं.

आमची एक जोडलेली ओळ आहे, म्हणा माझ्यामागे —

तारे मोजियेले, वारे मोजियेले,
मन का राहिले, मोजायाचे?

टाळ वाजवा हो, झोपलात काय! ... हं, बास. पेटी थांबवा.

तर उकिडवे सरांचे दिवस पालटले. सकाळचा चहा चौगुल्यांच्या हीटरवरचा, दुपारचा शेख सरांकडे, संध्याकाळी वैद्यकात. "आले का उकिडवे? अरे, त्यांची खुर्ची सोडा!" त्यांची खुर्ची! आयुष्यात पहिल्यांदा त्या गृहस्थाला कुठेतरी खुर्ची होती. उचकीनं बरगड्या दुखायच्या, पण मन असं हलकं, की घरी जाताना सर गुणगुणायला लागले. मधे मधे उचकी, तीही तालात!

मग प्राचार्यांनी जाहीर केलं, येत्या शनिवारी परिसंवाद! एका उचकीकडे सगळ्या शास्त्रांनी बघायचं. भौतिकी, वैद्यक, इतिहास, लोकसाहित्य, सगळ्यांचे निबंध, त्यांचं पुस्तक. आणि व्यासपीठावर मध्यभागी कोण? उकिडवे सर! आपल्याकडे गणपती मध्यभागी बसवतात ना, तसे.

आणि मंडळी, सोमवारी सकाळी तुळशीला पाणी घालताना उचकी थांबली.

सर तांब्या हातात धरून उभे. आता येईल, मग येईल. येईना! आपण उचकी जावी म्हणून पाणी पितो, हा माणूस उचकी यावी म्हणून कोरडे पोहे खात बसला! मिरची चावली. डोळ्यांतून पाणी आलं, नाकातून आलं, उचकी नाही आली. तुळशीपुढे हात जोडले, "माते, शनिवारपर्यंत तरी!" काय मागणं हो! तुळशीला आजवर लग्न, लेकरू, सौभाग्य मागणारे भेटले असतील. उचकी मागणारा हा पहिलाच!

कॉलेजात गेले. पदार्थविज्ञानाच्या दारातच चौगुले. "या सर! ऐकवा आजची!"

सरांनी आत पाहिलं. त्या खोलीत त्यांची खुर्ची दिसत होती. वाफाळता कप दिसत होता. आणि सरांनी डोळे मिटले आणि —

"उच्!"

खोटी! सर्व माणसं खोटं बोलतात, उकिडवे हा माणूस आहे, म्हणून... तुम्हीच पुरं करा. तुम्हालाही तर्कशास्त्र येतं की!

पण सरळ माणसाला खोटंसुद्धा वाकडं जमत नाही. मनात आकडे मोजून अगदी ठरल्या वेळी उचकी द्यायचे. चौगुल्यांच्या आलेखाची रेघ सुतासारखी सरळ! चौगुले नाचायचेच बाकी. "निसर्गात एवढी शिस्त! मी म्हणत नव्हतो?" बरं, सर सभ्य. समोरचा बोलत असला की उचकी द्यायचे नाहीत, मधे तोडल्यासारखं होतं ना! पाटणकरबाईंनी मांडलं, "उचकीला मर्यादा कळते." चहा पिताना तर द्यायचेच नाहीत, कपबशीवर सांडेल म्हणून! गद्रेबाईंनी मांडलं, "चहानं उचकी शमते." प्रत्येकाच्या हाती काहीतरी लागलं. एकालाही शंका नाही! अहो, आपल्याला हवं ते हाती लागलं की शंका कोण घेतो?

शनिवार उजाडला. सभागृह भरलेलं. उकिडवे सरांना नवा सदरा, गळ्यात हार. व्यासपीठाच्या पायरीशी गद्रेबाई कानात म्हणाल्या, "सर, तुमचे उपकार आहेत. वॉर्डात एक आजोबा आहेत, उचकीनं बेजार. अन्न पोटात ठरत नाही. औषधानं गुंगी येते त्यांना. तुमच्यावरून कळलं म्हणून आजपासून औषध बंद करते, नुसता चहाच देऊन बघते."

सरांचा पाय पायरीवरच थांबला.

एका बाजूला खुर्ची. दुसऱ्या बाजूला न पाहिलेला म्हातारा. बोललो तर खुर्ची गेली. नाही बोललो तर म्हातारा... काय कराल? तुम्ही काय कराल हो काका? खांबाकडे बघू नका, खांब नाही सांगणार!

सर माइकपुढे गेले. सगळे उचकीची वाट बघतायत. चौगुले हातात घड्याळ धरून बसलेत.

"मंडळी," सर म्हणाले, "माझी उचकी सोमवारी सकाळी थांबली. त्यानंतरच्या सगळ्या मी दिल्या. डॉक्टर, आजोबांचं औषध बंद करू नका."

मग चौगुले ताडकन उठले, "म्हणजे? माझा आलेख? सर, तुम्ही? तर्कशास्त्राचा माणूस?"

"हो," सर म्हणाले. "दोष माझा आहे."

गद्रेबाईंनी आधी फोन काढला, वॉर्डात निरोप दिला. तेवढं झाल्यावर विचारलं, "पण का, सर? बरं झालेलं कुणी लपवतं का?"

सर हार काढत होते. हळूच म्हणाले, तो पालीनं ऐकावा असा आवाज! पण माइक चालू होता. "बरा झालो असतो, तर मंगळवारी मला चहाला कुणी बोलावलं असतं?"

मंडळी, तिथे तिन्ही कॉलेजं बसली होती. आकाशातलं विचारा, पोटातलं विचारा, जुन्या कागदातलं विचारा, सगळ्याला उत्तर होतं. हा प्रश्न मात्र कुणी अभ्यासाला घेतलाच नव्हता. शेख सरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. पाटणकरबाईंचं पेन टेबलावरून घरंगळलं, त्यांनी उचललं नाही. सर पायऱ्या उतरले आणि घरी गेले.

सोमवारी चहाची वेळ झाली. सर आपल्या खोलीत, खिडकीशी, आपला थर्मास उघडून. मनाची तयारी करूनच आले होते. तोच दार धाडकन उघडलं! चौगुले. हातात किटली, कपाळावर आठ्या.

"हे बघा सर, मी अजून रागावलेलाच हाय. साफ रागावलेला!" खुर्ची ओढली, बसले. कप मांडले. मग चमचा हातात धरून म्हणाले, "साखर किती?"

सरांनी आपल्या थर्मासला टोपण लावलं. म्हणाले, "मी बिनसाखरेचा घेतो."

"आं? मग इतके दिवस आमचा तो पाकासारखा चहा?"

"तुम्ही देत होता. मी घेत होतो."

श्वास मोजला होता, ठोके मोजले होते, अंतर मोजलं होतं. साखर किती, हे मात्र त्या दिवशी पहिल्यांदा विचारलं गेलं! चौगुल्यांनी कपाळावर हात मारला, खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि सगळ्या आवाराला ऐकू जाईल असे ओरडले, "अहो गद्रेबाई! शेखसाहेब! या वर! सर बिनसाखरेचा घेतात!"

आणि आले हो! आपापले कप घेऊन आले. तर्कशास्त्र विभागात बसायला जागा पुरेना, पाटणकरबाई टेबलावर बसल्या!

मंडळी, आता तुमच्याकडे वळतो. पळू नका! शेजारच्या ताईंचं ऑपरेशन झालं, तुम्ही सगळे भेटून आलात, नारळपाणी घेऊन गेलात, फार चांगलं केलंत. दुखणेकऱ्याला भेटणं पुण्याचंच. पण ज्याचं काही दुखत नाही, जो रोज जिन्यात नमस्कार करतो, ज्याला बरं नाही अशी बातमी कधी येतच नाही, त्याच्या घरचा चहा गोड असतो की अगोड, ठाऊक आहे? तो तुम्हाला दिसावा म्हणून त्यानं उचकी द्यायची का?

आरतीला उभे राहाल ना, तेव्हा डोळे मिटा. आणि ज्याला काहीही झालेलं नाही, अशा एका माणसाची आठवण काढा.