केक कशाचा होता

—नाही, प्रोजेक्टर एकटा नाही विकायचा, पडदाही न्या. मला तो भिंतीवर नको झालाय. बसा ना, कॉफी ओतलीय. बिस्किट घ्या. दुसरंही घ्या, एरवी एक दिलं की झाकण लावतो आपण, आज डबा उघडाच ठेवते. चालतो की नाही बघायचंय? हे घ्या, लावला. चोरांचा सिनेमा आहे, पण कामाचा. कंपन्यांमधली माणसं आमच्याकडे यायची, एकत्र काम कसं करायचं ते शिकायला, आणि आम्ही त्यांना सिनेमे दाखवायचो. आम्ही म्हणजे मी, गेर्बेन आणि तिर्झा. तिर्झाला मीच शिकवून तयार केली. गेर्बेन तर पहिल्यापासूनचा — माझा नवरा गेला तेव्हा खांदा दिला त्यानं, आता बोला.

हे बघा, म्होरक्या एकेकाला गोळा करतोय. सगळे कसे गोड बोलतायत — टोळी नवी असली की असंच, हा पहिला टप्पा. आता नकाशावरून जुंपेल. इथे लोक खुर्चीत चुळबुळायचे, आणि मी म्हणायचे, भांडू द्या, भांडल्याशिवाय टोळी होत नाही. मग दमले की एकाच पातेल्यातलं सूप खातात, कुणी काय करायचं ते ठरतं. आणि हा चौथा टप्पा — हा माझा लाडका. तिजोरीपाशी कुणी बोलत नाही. एकानं हात पुढे केला की दुसरा नेमकी पक्कड ठेवतो. ही पिकलेली टोळी.

आमच्यातही तसंच झालं ना हिवाळ्यात. त्याआधी गेर्बेन माझ्याशी कचाकचा भांडायचा, हा तुकडा लांबला, तो कंटाळवाणा आहे — आणि एकदम थांबलाच. काही म्हटलं की, ‘बरं हिल्त्ये, तुझंच बरोबर.’ मी खोलीत शिरले की दोघं गप्प, माना खाली घालून कामात. मला काय वाटलं असेल? बहिणीला फोन करून सांगितलं मी, आम्ही चौथ्या टप्प्यावर पोचलो म्हणून. हसा, हसा. ख्रोनिंगेनपासून मास्ट्रिख्टपर्यंत, देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हेच शिकवत फिरलेली बाई मी.

मग तो केक. दाताच्या डॉक्टरकडे जायचं होतं, उशिरा येईन म्हणाले होते — त्यानं लवकर सोडलं. ऑफिसात पाहते तर सफरचंदाचा केक, खुर्च्या गोल मांडलेल्या. आता आपल्याकडे ज्याचा आनंद त्यानंच केक आणायचा, मला वाटलं तिर्झाच्या पोराचा वाढदिवस असणार, विसरलेच की मी. अशा वेळी कोण विचारत बसतं? वाढदिवस कुणाचाही असो, घरच्यांपासून पाहुण्यांपर्यंत सगळ्यांचंच अभिनंदन करायची रीत — गोल फिरायचं आणि हात मिळवायचा. अभिनंदन, तिर्झा. अभिनंदन, गेर्बेन. खिडकीशी एक टायवाला होता, त्याचंही केलं. आणि सगळ्यांनी आभार मानले — अहो, मानले. गेर्बेननं मला तुकडा कापून दिला, चांगला मोठा. मी खाल्ला. आणखी मागितला.

टायवाला नोटरी होता, कंपन्यांची कागदपत्रं करणारा. त्यानंच सांगितलं, बिचाऱ्याला काय माहीत. म्हणाला, ‘नव्या कंपनीत तुम्ही नाही, तरी एवढं मोठं मन दाखवलंत.’ सकाळीच सह्या झाल्या होत्या, त्या दोघांच्या. माझी गिऱ्हाइकं, माझे टप्पे, सगळं तिकडे. केसानं गळा कापला हो. कापला तर कापला, पण मी हात मिळवत फिरत होते तेव्हा एकानं तरी म्हणायचं, हिल्त्ये, थांब. अभिनंदन परत घेता येत नाही.

शेवट? शेवट आम्ही कधी दाखवलाच नाही. गेर्बेन म्हणायचा, तेवढं नको, लोकांना जेवायची घाई असते. बघा तुम्ही आज. वाटणीला बाकीचेच बसलेत. म्होरक्या तिकडे बंदरावर उभा, त्यांची वाट बघतोय. टोळी त्यानं जमवली आणि — हा सिनेमा गेर्बेननंच निवडला होता, बरं का.

असो, बंद करते. वायर पिशवीत आहे. हवाय कशाला म्हणालात? मुलीसाठी? आज वाढदिवस आहे तिचा?

...

हात नका पुढे करू. पोरीचा काही दोष नाही, तिला पडद्यावर काहीतरी छान दाखवा. पण अभिनंदन माझ्याच्यानं नाही होणार. चला, उचला. पडदा विसरू नका. आणि दार ओढून घ्या.