शिक्का मारायला शुभाताईंकडे गेले

मी मूळची भुसावळची, वडील रेल्वेत फिटर, आम्ही चार बहिणी आणि त्यातली नर्सिंगला गेलेली मी एकटीच. आम्ही बौद्ध. तिकडे वेगळं सांगावं लागत नव्हतं, गल्लीचं नाव घेतलं की समोरच्याला समजायचं. इथे ऑस्ट्रेलियात टूवूंबाला आलो, मी हॉस्पिटलला लागले, आणि काय सांगू तुम्हाला, अकरा वर्षं कुणी विचारलंच नाही. हॉलमध्ये बुद्धाची मूर्ती आहे, पण ती इथे गोऱ्यांच्या बागेतही असते, तिच्यावरून कुणाला काय कळणार. लपवलं असं नाही. म्हणजे लपवलंच असेल, आता मला धड सांगता येत नाही.

तर आमची मैत्री, मुलगी माझी, इथल्याच युनीत, म्हणजे युनिव्हर्सिटीत, इंजिनिअर झाली आणि तिला शेतातल्या खारट पाण्यावर पीएचडी करायची होती. स्कॉलरशिप मिळाली तर करते, नाहीतर खाणीतली नोकरी धरते म्हणाली. मला खाण नको होती, मला तिच्या नावाआधी डॉक्टर हवं होतं, खरं सांगते. स्कॉलरशिप निघाली ती ज्या समाजातली मुलं सायन्स-इंजिनिअरिंगच्या पीएचडीपर्यंत फारशी पोचत नाहीत त्यांच्यासाठी. फॉर्मवर चौकोन होते, त्यात आपला चौकोनच नाही. मैत्री म्हणते, मम, व्हॉट डू आय टिक? मी म्हटलं, इतरवर खूण कर आणि आपलं लिही. आपलं म्हणजे नक्की काय लिहू, म्हणाली. मग बसले आणि पोरीला पहिल्यांदा सगळं सांगितलं, भुसावळचं, आजीचं, विहिरीचं.

आता सांगितलं तर कागद नको का? आपल्याकडे कागदाशिवाय कोण विश्वास ठेवतो. माझा जातीचा दाखला होता, लॅमिनेट केलेला, त्याच्या झेरॉक्सवर शिक्का हवा असं मीच ठरवलं, कुणी मागितला नव्हता. इथे जेपी, म्हणजे जस्टिस ऑफ द पीस असतात, ते झेरॉक्स तपासून फुकट शिक्का मारतात, शॉपिंग सेंटरमध्ये त्यांचं टेबलच असतं. पण मला वाटलं, तिथल्या माणसाला मराठी कुठून वाचता येणार, आणि ओळखीचा माणूस बरा. म्हणून मी गेले शुभाताईंकडे. त्या जेपी आहेत, पुण्याच्या, आणि अकरा वर्षं आमची शनिवारची भाजी एका गाडीत. त्यांनी दाखला वाचला. परत वाचला. शिक्का मारला, चहा केला, नो वरीज म्हणाल्या.

त्या शनिवारी फोन नाही, पुढच्या शनिवारी नाही. मी मिस्टरांना विचारलं, हे जातीमुळे का, ते म्हणाले, बिझी असतील. आणि वर युनीची ईमेल आली, हा कागद आम्हाला लागत नाही, मैत्रीनं स्वतःच्या शब्दांत लिहिलंय ते पुरेसं आहे. म्हणजे मी उगाचच गेले.

स्कॉलरशिप मिळाली. मी शुभाताईंना मेसेज टाकला, टाकू का नको करत करत, आणि त्या त्याच आर्व्होला, म्हणजे दुपारीच, शिऱ्याचा डबा घेऊन दारात. मैत्रीला पोटाशी धरलं. मग किचनमध्ये माझ्याशी बोलल्या, अकरा वर्षं तू माझ्या ताटाला ताट लावून जेवलीस, मला सांगावंसं वाटलं नाही तुला? मी काय केलं असतं असं वाटलं? त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला इतकं वाईट वाटलं, मी त्यांचा हात धरला आणि म्हटलं, चुकलं माझं ताई, माफ करा.

त्या गेल्या आणि मैत्री म्हणाली, मम, व्हाय डिड यू से सॉरी? मी म्हटलं, तुला नाही कळायचं. शुभाताई चांगल्या आहेत हो, वाईट बोलायचं नाही मला, शनिवारची भाजी परत सुरू झाली. माझी पोरगी शिकू दे, सुखानं डॉक्टर होऊ दे, जगातली सगळी पोरं होऊ देत. पण रोज ड्यूटीला जाताना गाडीत मी तेच घोळवते, माफी मी का मागितली.