एकमताने मंजूर

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक शिक्षिका औषधाचे थेंब घालून, डोळे मिटून बसल्या होत्या. सोबत धाकटी बहीण होती.

“ताई, वर्गात लोकशाही शिकवलीस म्हणे?”

“नुसती शिकवली नाही, करून दाखवली. शाळा सुटल्यावर वर्ग कोणी झाडायचा, यावरून रोज भांडणं. म्हटलं, मतदान घ्या.”

“सरळ पाळ्या लावायच्या की!”

“तो माझा हुकूम झाला असता. मुलांनी स्वतः ठराव मांडला. वर्षभर एकीनंच झाडायचं.”

“एकीनं? कोणी गं?”

“आहे एक, शेवटच्या बाकावरची. तिची आई कामावरून उशिरा येते, तोवर ती थांबलेलीच असते. मुद्दा बिनतोड होता.”

“आणि झाला मंजूर?”

“सगळ्यांचे हात वर. विरोधात एकही नाही.”

“तिचाही?”

“सगळ्यात शेवटी, पण वर. खोटं कशाला बोलू?”

“तू विचारलंस का तिला?”

“विचारलं की. म्हणाली, ‘बाई, माझा एकटीचाच हात खाली दिसला असता.’”

“मग?”

“मग काय, वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या. इतकी समंजस मुलं मी पाहिली नाहीत बाई. काल पुढचा धडा घेतला, मूलभूत हक्कांचा.”

“तेव्हा काही बोलली का ती?”

“ती वर्गात कुठे होती? शेवटचा तास ना, झाडू आणायला गेली होती.”