डबीतली पुढची जागा

सगळ्यांना सलाम.

मला बोलायला जड जातंय. वर्गात छत्तीस वर्षं बोलले, तेव्हा कधी असं झालं नाही. आज होतंय. म्हणून हे टेबल धरून उभी आहे. आवाज मागं पोचत नसेल तर हात वर करा.

ज्यांना मी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मी मार्थाबाई. सातव्या वाडीच्या शाळेत गणित शिकवायचे. आपले शांतवनभाऊ गेल्या रविवारी गेले. हा सुहास त्यांचा पुतण्या. परवा तो घरी आला आणि म्हणाला, "बाई, डबीत बसणारे आता बोटांवर मोजण्याइतके उरलेत. त्यांच्या वतीनं तुम्ही दोन शब्द बोला." मी हो म्हणाले. कागदावर लिहूनही आणलं. मघाशी वाचून बघितलं, तर एका पानात 'कर्तव्यदक्ष' तीनदा. एखाद्या मुलीनं निबंधात असं लिहिलं असतं तर मी वही परत दिली असती. कागद पर्समध्ये ठेवलाय. आता जे येईल ते बोलते.

तरुण मंडळींना डबी म्हणजे काय ते माहीत नसणार. श्रीरामपूर स्टेशनच्या मागं, मालधक्क्याच्या पलीकडून, त्या वेळच्या कारखान्याची एक बारकी लाईन निघायची. दोन फुटी रूळ, ऊस वाहायला टाकलेले. पाटाच्या कडेकडेनं सगळ्या वाड्या घेत घेत ती सातव्या वाडीला संपायची. वाडी म्हणजे कारखान्याची शेती आणि तिथल्या कामगारांची वस्ती. तिकडं रस्ता नव्हता. पावसाळ्यात काळी माती अशी चिकटायची की सायकल खांद्यावर घ्यावी लागे. मग माणसांनी जायचं कसं? तर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये एक डबा बांधला. लाकडाचा सांगाडा, वर पातळ पत्रा, वेताच्या खुर्च्या, पुढं जुन्या लॉरीचं इंजिन. उसाच्या त्या रुळांना जड डबा सोसलाच नसता, म्हणून सगळं हलकं. दारसुद्धा नव्हतं, नुसती साखळी. दोन्ही बाजूंना सात-सात जागा, मधून वाट. मोठ्या रेल्वेची माणसं तिला हसायची. आम्ही तिला डबी म्हणायचो. तिचा ड्रायव्हर, तिचा गार्ड, आणि रविवारी तिला पाटाच्या पाण्यानं धुणारा माणूस एकच. शांतवनभाऊ.

हलक्या गाडीचं एक दुखणं असतं. ती कलते. एका बाजूला भरदार माणसं बसली की डबी पाटाकडं अशी झुकायची की बायका देवाचं नाव घ्यायच्या. शांतवनभाऊंनी त्यावर उपाय काढला. ते माणसांना वजनावर बसवायचे. काटा नाही, काही नाही. माणूस थांब्याच्या मुरमाच्या ढिगावर येऊन उभा राहिला की एकदा वरून खाली बघायचे आणि सांगायचे, "तुमी डावीकडं, चौथी जागा." जेवढं वजन डावीकडं, तेवढंच त्याच्या समोर उजवीकडं. प्रत्येकाला मधल्या वाटेपलीकडं एक जोडीदार.

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? अहो, कुणी कुणाशेजारी बसायचं हे तेव्हा जन्मताच ठरलेलं असायचं. आणि इथं हा माणूस पाटलांसमोर ऊसतोड्याला बसवायचा, आणि शेठजींसमोर कोळशाच्या भट्टीवरच्या बाईला. पाटील एकदा भडकले. मी त्या दिवशी गाडीत होते. पाटील म्हणाले, "मी कुठं बसायचं ते तू ठरवणार?" शांतवनभाऊ शांतपणे म्हणाले, "म्या न्हाई, गाडी ठरवती. तुमी तिकडं बसलात तर ती पाटात जाईल. आन तवा खाली तुमीच असाल." पाटलांनी धोतर सावरलं. मग बसले. पुढं कित्येक वर्षं तिथंच बसले आणि समोरच्या माणसाला तंबाखू देऊ लागले.

या नजरेपासून काही लपायचं नाही. एका सूनबाईला त्यांनी न बोलता तिसऱ्या जागेवरून दुसऱ्या जागेवर नेलं. महिन्याभरानं तिच्या सासूला कळलं ते गाडीला आधीच कळलेलं होतं. आमच्या शाळेच्या हेडमास्तरांना एकदा म्हणाले, "मास्तर, तुमी लई हलकं झालात. दवाखान्यात जाऊन या." मास्तर चिडले. पण गेले. छातीचं दुखणं निघालं. वेळेवर औषध झालं म्हणून मास्तर पुढं नातवंडं बघून गेले.

माझी जागा डावीकडं तिसरी. माझ्या समोर अनुसया नर्स. आम्ही दोघी सारख्याच काडी. सहा वर्षं आम्ही समोरासमोर बसलो. मी वह्या तपासायची, ती लोकर विणायची.

आणि पुढं उजव्या हाताला शांतवनभाऊ, इंजिनाला लागून. त्यांच्या डाव्या बाजूला पण एक जागा होती. तिथं माणूस नसायचा. तिथं वाळूचं पोतं असायचं. बासष्ट किलो, त्यांच्या वजनाएवढं. तोंड सुतळीनं नीट शिवलेलं. पावसात वाळू भिजून जड झाली की ते टाका उसवायचे, दोन ओंजळी काढायचे आणि पुन्हा शिवायचे. सगळ्यांना जोडी लावून देणारा माणूस आपल्या शेजारी रोज सकाळी पोतं उचलून ठेवायचा. आम्ही ते रोज बघायचो. कुणाला काही वाटायचं नाही. मलाही नाही. किंवा मी तसं स्वतःला सांगायची.

मग अनुसयाची बदली झाली. ती राजूरकडं गेली आणि माझ्या समोरची जागा मोकळी पडली. संध्याकाळच्या फेरीला मी सातव्या वाडीवर उभी होते. बाकीचे अजून यायचे होते. शांतवनभाऊ फडक्याला हात पुसत माझ्यापाशी आले. माझ्याकडं बघितलं नाही. रुळाकडं बघत म्हणाले, "बाई, उद्यापासनं पुढं बसा. पोतं काढून ठिवतो."

मी गणिताची बाई. मी म्हणाले, "शांतवनभाऊ, माझं वजन पंचेचाळीस. तुमचं बासष्ट. गाडी कलेल."

ते म्हणाले, "कलंल थोडी. सावकाश नेतो मी."

ज्या माणसाची वजनात दोन किलोची चूक कधी झाली नाही, तो माणूस त्या दिवशी सतरा किलोची चूक करायला तयार होता. आणि कळून करत होता.

मंडळी, आजवर कुणी विचारलं तर मी सांगत आले, बिचाऱ्यांना गाडीचा तोल सांभाळायचा होता. अनुसयाला मी पत्रात तसंच लिहिलं. ते खोटं आहे. मला त्याच क्षणी कळलं होतं. माझे कान गरम झाले होते. हातातल्या वह्या खाली पडू नयेत म्हणून मी छातीशी धरल्या होत्या. सगळं कळलं होतं. आणि मी म्हणाले, "नको. पुढं इंजिनाची धग लागते. पोतंच असू द्या."

ते म्हणाले, "बरं." आणि फडकं खिशात घालून इंजिन चालू करायला गेले.

का म्हणाले मी असं? माझे वडील रोमी, म्हणजे कॅथलिक चर्चचे. शांतवनभाऊ मिशनचे, प्रोटेस्टंट. बाहेरच्यांना वाटतं ख्रिस्ती म्हणजे सगळे एकच. पास्टरसाहेब, तुम्हाला माहीत आहे काय ते. माझे वडील मिशनवाल्यांच्या लग्नात जेवायला जायचे, पण आशीर्वादाच्या वेळी मांडवाबाहेर उभे राहायचे. अशा घरात मी काय सांगणार होते? हे मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. पण आज खरं बोलायला उभी राहिलेय तर पुरतं बोलते. वडिलांना मी कधी विचारलंच नाही. दोन वर्षांनी ते वारले. त्यानंतर मला अडवणारं कुणी नव्हतं. तरीही मी तिसऱ्याच जागेवर बसत राहिले. मी भ्याले. लोक काय म्हणतील याला भ्याले, आणि त्याहून जास्त, शांतवनभाऊ आता 'नको' म्हणतील याला भ्याले. त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही. माझ्या समोर एक नवीन कारकून बसवला. वजन बरोबर होतं.

पुढं रस्ता झाला. एसटी आली, टेम्पो आले. डबी शेवटी शेवटी तीन-चार माणसं घेऊन जायची. मग तीही थांबली. रूळ उपटून नेले, डबीचा पत्रा कुठं गेला कुणास ठाऊक. शांतवनभाऊंना कारखान्याच्या वजनकाट्यावर नेमलं. तिथं ते उसाच्या गाड्या मोजायचे. मी एकदा विचारलं, "कसं वाटतं?" म्हणाले, "उसाला काय, कुटंबी ठिवा. बोलत न्हाई."

त्यांनी लग्न केलं नाही. मीही नाही. त्यांचं घर आणि माझं घर यात पायी दहा मिनिटांचं अंतर. वर्षातून दोनदा, नाताळाला आणि ईस्टरला, ते फराळाचा डबा घेऊन यायचे. दारातच उभे राहायचे. एक नजर टाकायचे. "बाई, तुमी दीड किलो उतरलात. जेवत न्हाई का?" मी म्हणायची, "जेवते की." ते म्हणायचे, "एकट्या माणसाचं जेवान म्हंजी उभ्या उभ्या." ते कसं कळायचं त्यांना? मी खरंच ओट्यापाशी उभी राहून जेवायची. अजून जेवते.

गेल्या महिन्यात ते अंथरुणाला खिळले. सुहासनं निरोप दिला म्हणून मी गेले. सुहास, तू चहा करायला आत गेला होतास. मी खुर्ची ओढून बसले. त्यांचं मनगट एवढंसं झालं होतं. मी बघतेय हे त्यांना कळलं. म्हणाले, "बाई, आता मला कुटंबी बसवा. गाडीला कळायचं न्हाई."

तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. मिशन नव्हतं, रोमी नव्हतं, वडील नव्हते. आणि मी काय बोलले असेन? "औषधं वेळेवर घेत जा." छत्तीस वर्षं मुलांना म्हणत आले, उत्तर येत असेल तर हात वर करा, घाबरू नका. आणि स्वतः मात्र दोनदा उत्तर येत असताना हात खालीच ठेवला.

गेल्या रविवारपासून मी घरात आहे. रेडिओ लावते, बंद करते. एकटी मी आधीही होते, त्याची सवय आहे. पण दहा मिनिटांवर एक माणूस होता, ज्याला मी किती भरते ते माहीत होतं. आता या सगळ्या श्रीरामपुरात असं कुणी नाही. मी वाळत गेले तर कुणाच्या लक्षात येणार आहे? हे मी कीव यावी म्हणून सांगत नाही. सभा संपल्यावर कुणी डबे घेऊन येऊ नका. मला फार एकटं वाटतंय, एवढंच मला एकदा मोठ्यानं म्हणायचं होतं.

सुहास, तू मला प्रवाशांच्या वतीनं बोलायला सांगितलंस. ते काही माझ्याच्यानं झालं नाही. मी माझ्याच वतीनं बोलले. राग मानू नकोस.

आता आपण उभे राहू या. दोन मिनिटं शांत राहू या. ज्याला जशी प्रार्थना येते तशी मनात म्हणावी, मिशनची, रोमी, नाहीतर कुठलीच नाही. आणि एक सांगून ठेवते, म्हणजे नंतर कुजबुज नको. इथं पुढं घरच्या माणसांच्या रांगेत, कडेची खुर्ची रिकामी आहे. मौन झाल्यावर मी मागं माझ्या जागेवर जाणार नाही. मी त्या खुर्चीवर बसणार आहे. सुहास, तुला विचारत नाहीये, सांगतेय. उद्या जे लोक भेटायला येतील त्यांनी मलाही भेटावं. माझं माणूस गेलंय.

शांतवन, सलाम.

उभे राहा सगळे.